पडलेल्या झाडाचे मोल

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन धडकले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचा वारा रायगड जिल्ह्यातून आणि रत्नागिरीच्या उत्तर भागातून गेला. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, केळशी, आंजर्ले ही सारी नारळीपोफळींच्या वाड्यांची गावे. इंदूर-बडोद्याकडच्या श्रोत्यांसाठी सांगायचे तर, घराच्या मागे पाटाच्या पाण्यावर वाढवलेली बाग म्हणजे वाडी. कोकणी माणसाचे ते शेत, तीच ठेव आणि तीच सावली. नारळाला फळ धरायला पाचसहा वर्षे तरी लागतात आणि फणसाचे झाड लावणारा ते नातवासाठीच लावतो. पिढ्यांनी लावलेली ही झाडे त्या एका दुपारी भुईसपाट झाली.

वादळाच्या बातम्या आपण ऐकता. आज मला बोलायचे आहे ते त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे काय होते त्याविषयी. अंगणात झाड आडवे पडलेले असते आणि घरातली माणसे त्याच्याकडे बघत उभी असतात. आता ह्याचे करायचे काय? कोलकात्यातील मराठी श्रोत्यांनी त्याच वर्षी, २० मे रोजी आलेल्या ‘अंफान’ वादळानंतर हाच प्रश्न आपल्या गल्लीत पाहिला असेल.

श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या गावी मी आठव्या दिवशी पोचलो. टाळेबंदीचे दिवस होते. मुंबईहून निघायला परवाना काढावा लागला होता. गावात वीज नव्हती. आमच्या वाडीतल्या बावीस माडांपैकी चौदा आडवे झाले होते. परसातला रायवळ आंबा विहिरीवर कलला होता. आणि पणजोबांनी लावलेला फणस मुळासकट उपटून गोठ्यावर पडला होता. गुरे आदल्या दिवशीच दुसरीकडे बांधली होती, एवढेच दैव.

माझ्या आधी तेथे एक लाकूडवाला येऊन गेला होता. सगळी वाडी साफ करून देतो, वर पाच हजार रुपये देतो, असा त्याचा उक्ता सौदा होता. माझा चुलतभाऊ कबूल व्हायच्या बेतात होता. त्याला दोष देता येणार नाही. छपराची कौले उडालेली, वाट बंद, मजूर मिळेना, आणि मृगाचा पाऊस डोक्यावर. नको झालेली वस्तू कोणी उचलून नेतो आणि वर पैसे देतो, ही त्याला कृपाच वाटली. पण काकू फणसापाशी अडून बसल्या होत्या. त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या सुतारांना, तात्यांना, बोलावून घेतले होते.

तात्यांनी आधी फणस पाहिला नाही. मुळांचा खड्डा पाहिला. पोरांना म्हणाले, “त्या खड्ड्यात कोणी उतरायचे नाही. बुंधा तोडला की मूळ परत उभे राहते.” आणि हे अगदी खरे आहे. उपटलेल्या झाडाच्या मुळांचा मातीसकट गड्डा खोडाच्या वजनाने तोललेला असतो. खोड कापून वेगळे होताच तो गड्डा झटक्याने मागे, आपल्या जुन्या जागी बसतो. मध्ये सापडलेला मनुष्य वाचत नाही.

दुसरा धोका ताणाचा. दोन्ही टोकांना टेकलेले खोड मध्ये वाकलेले असते. त्याची वरची बाजू दबलेली असते व खालची ताणलेली. वरून करवत घातली की काप मिटत जातो आणि करवत त्यात चिमटते. उलट एका टोकाने अधांतरी असलेल्या फांदीचा ताण वरच्या बाजूला असतो. ती कधी फाटून अंगावर येईल याचा नेम नसतो. म्हणून जाणता मनुष्य प्रथम दबलेल्या बाजूला थोडा काप घेतो, मग ताणलेल्या बाजूने काम पुरे करतो. आज पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत गावोगाव आली आहे. दिवसाचे काम ती तासात करते, आणि म्हणूनच विचार करायला वेळ देत नाही. वादळातून वाचलेली माणसे नंतरच्या साफसफाईत दगावतात, हा जगभरचा अनुभव आहे.

वाट मोकळी झाली आणि मग खरा प्रश्न समोर आला. यातले जाळायचे काय, कापायचे काय, आणि मातीला द्यायचे काय? तात्यांचे उत्तर झाडागणिक निराळे होते.

प्रथम सरपण. कोकणात मृग लागण्यापूर्वी, म्हणजे ७ जूनच्या आत, पावसाळ्याचे जळण पडवीत रचून घेण्याचा प्रघात आहे. गॅस घरोघर आला, तरी न्हाणीचे पाणी अजून पुष्कळ घरी लाकडावरच तापते. वादळ आले ते मृगाच्या चार दिवस आधी. छपरे उडाली आणि रचलेले कोरडे सरपण भिजून गेले. बाहेर लाकडाचा डोंगर आणि घरात चूल पेटत नाही, अशी विचित्र स्थिती झाली. कारण ओले लाकूड हे नावालाच जळण असते. नुकत्याच पडलेल्या झाडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. असे लाकूड चुलीत घातले की आगीची बरीचशी ऊब ते पाणी उकळून घालवण्यातच खर्ची पडते. राहतो तो धूर आणि डोळ्यांतले पाणी. त्यावर उपाय एकच, लाकूड लवकर फोडणे. साल ओलावा आत कोंडून ठेवते. गोल ओंडका महिनोन्महिने सुकत नाही, पण त्याच्या चार फाटी केल्या की वारा आतपर्यंत पोचतो. त्या फाटी जमिनीवर न टाकता दोन आडव्या लाकडांवर रचाव्या, वर आच्छादन असावे आणि बाजू उघड्या असाव्यात. किनाऱ्यावरची सुरूची झाडे पडली होती ती या कामी आली. सुरूच्या फळ्या तडकतात व वाकतात, पण त्याच्यासारखे कडक जळण नाही. अर्धवट ओले असतानाही ते धग देते. फांद्या, झावळ्या, आंब्याचे वाकडे खांदे यांचे सरपण झाले. खांदी जाळावी, खोड जाळू नये, असा तात्यांचा सरळ हिशेब होता.

पण खोड राखायचे कसे? ते पडल्या क्षणापासून दोन शत्रू त्याच्या मागे लागतात. एक बुरशी आणि दुसरा घुणा, म्हणजे लाकूड पोखरणारा भुंगेरा. दोघांचेही लक्ष असते ते सालीलगतच्या फिक्या लाकडावर. झाड जिवंत असताना याच भागातून मुळांचे पाणी वर चढते, म्हणून त्याला रसकाष्ठ म्हणतात. त्यात पिष्ट व साखर असते आणि तेच किडीचे अन्न. आतला गडद गाभा म्हणजे अंतःकाष्ठ. त्यात झाडाने स्वतःच साठवलेली कडवट द्रव्ये असतात, म्हणून तो टिकतो. सागाची ख्याती या गाभ्याची आहे. फणसाचाही गाभा असाच. कापल्यावर हळदीसारखा पिवळा आणि वर्षे जातील तसा तांबूस तपकिरी होणारा. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची होते. त्या तंजावरात भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत होती. ब्रह्मदेशातील भिक्षूंच्या चीवरांना पिवळा रंग देण्यासाठी फणसाच्या गाभ्याचे तुकडे वापरीत. आणि आमच्या घरी जेवायला बसायचे पाट फणसाचे होते.

काकूंनी पहिल्याच दिवशी, कोणी सांगण्यापूर्वी, फणसाच्या तुटलेल्या टोकाला शेणमातीचा जाड लेप दिला होता. त्यामागे शास्त्र आहे. लाकडातील पाणी अंगाबाजूने सावकाश जाते, पण कापलेल्या टोकातून भराभर निघून जाते. टोक आधी सुकते, आकसते आणि फाटते. शिवाय लाकूड वलयाच्या दिशेने जेवढे आकसते त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याच्या दिशेने आकसते. म्हणून ओंडक्याला चीर पडते ती गाभ्याकडे धावणारी. टोक झाकले की सुकणे मंदावते आणि चीर आवरते.

आठआठ फुटांचे तीन ओंडके झाले. आता ते ठेवायचे कोठे? गिरणीला वीज नव्हती आणि रस्ते बंद होते. तात्या म्हणाले, “तळ्यात टाका.” मला ते पटेना. पावसापासून राखायचे लाकूड पाण्यात बुडवायचे? पण बुरशीला जगायला हवा लागते. पाण्याने पुरते भरलेल्या लाकडात हवेला जागा उरत नाही. घुण्यालाही तेथे शिरकाव नसतो. धोका असतो तो अर्धवट ओल्या लाकडाला. मात्र खाडीचे खारे पाणी चालत नाही. त्यात लाकूड पोखरणारी निराळी कीड असते. पिण्याचे पाणीही नको, कारण लाकडाचा अर्क उतरून ते काळवंडते. गावाबाहेरचे गाळाने भरलेले जुने तळे उपयोगी पडले. बैलांनी ओंडके ओढून नेले आणि ते वर येऊ नयेत म्हणून त्यांवर दगड बांधले.

पुढे वाचनात आले की तात्यांचा हा उपाय एकदा एका देशाने सरकारी पातळीवर केला होता. २१ सप्टेंबर १९३८ रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रांतावर मोठे चक्रीवादळ आले आणि तेथील पांढऱ्या पाइनची अरण्ये कोसळली. ती पुष्कळशी शेतकऱ्यांच्या मालकीची होती; अडीअडचणीला विकायची त्यांची ती ठेवच होती. सगळेच झाड एकदम बाजारात आले असते तर भाव मातीमोल झाला असता. म्हणून तेथील सरकारने पडलेले लाकूड वाचवण्यासाठी एक खास यंत्रणा उभी केली. तिने ठरलेल्या दराने शेतकऱ्यांकडून ओंडके विकत घेतले आणि शेकडो तळ्यांत सोडले. न्यू हॅम्पशायरमधील काँकर्ड गावाजवळच्या टर्की तळ्यातले ओंडके १९४२ साली कापायला काढले, तेव्हा पुरुष युद्धावर गेले होते. तेथील एक गिरणी स्त्रियांनी चालवली. चार वर्षे पाण्यात राहिलेल्या त्या लाकडाच्या फळ्या झाल्या.

आता माझ्या चुकीची गोष्ट. आंब्याचे खोड फणसापेक्षा जाड होते. तात्यांनी ते आधी कापून घ्या म्हणून सांगितले. मी म्हटले, एवढे मोठे खोड, दोन महिन्यांनी त्याचे काय बिघडणार? ते विहिरीपाशी पावसात तसेच पडून राहिले. आंब्याला सागाफणसासारखा टिकाऊ गाभा नसतो. वेळेवर कापले, सुकवले आणि टाकणखार व बोरिक आम्ल घातलेल्या पाण्यात बुडवून काढले तर त्याच्या चांगल्या फळ्या होतात. मी वेळ घालवली. श्रावण संपता संपता सालीखालून पिठासारखा भुसा गळू लागला आणि कापून पाहिले तर आत निळ्याकाळ्या रेघा धावलेल्या. त्या खोडाचे शेवटी सरपण झाले, आणि तेही पोकळ. काकू काही बोलल्या नाहीत. त्या झाडाचे आंबे मी लहानपणी खाल्ले होते.

माडाची रीत याहून वेगळी. माड हा गवताच्या दूरच्या गोतातला. त्याच्या खोडाला वलये नाहीत आणि गाभाही नाही. इतर झाडे आतून कठीण, हा बाहेरून. वरची काळसर कड लोखंडासारखी आणि मधला भाग भुसभुशीत. ही कड करवतीचे दात बोथट करते. तिचे आम्ही वासे काढले आणि ओढ्यावर साकव घातला. उरलेले मात्र पडू देता आले नाही. बागेच्या कोपऱ्यात एखादे आंब्याचे खोड कुजत ठेवले तर मातीचे भलेच होते. पण माडाचे कुजते खोड म्हणजे गेंड्या भुंग्याचा पाळणा. त्याच्या अळ्या तेथे वाढतात आणि भुंगे बाहेर पडून उभ्या माडांचे कोवळे कोंब पोखरतात. वादळातून जे आठ माड वाचले होते त्यांच्यासाठी पडलेल्या चौदांची पुरती विल्हेवाट लावणे भाग होते.

दिवाळीनंतर फणसाचे ओंडके तळ्यातून काढले आणि वाहतुकीचे कागदपत्र करून वीस किलोमीटरवरच्या गिरणीत नेले. आरागिरण्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या आदेशापासून कडक नियंत्रण आहे. ते जंगलाच्या हिताचेच आहे, पण त्यामुळे गिरणी प्रत्येक गावाला जवळ नसते. गिरणीवाल्याने ओंडका पाहून पहिला प्रश्न केला, “परसातला आहे का?” परसातल्या झाडात खिळे असतात. कोणी कपडे वाळत घालायला तार बांधलेली असते, कोणी कंदील टांगलेला असतो; झाड तो खिळा गिळून वर साल धरते आणि पन्नास वर्षांनी त्यावर करवतीचा पट्टा तुटतो. काकू सोबत आल्या होत्या. त्यांनी ओंडक्याभोवती फिरून दोन जागा दाखवल्या. एकीत दिरांच्या पाळण्याची कडी होती, दुसरीत गुरांचा साखळदंड अडकवायचा आकडा. दोन्ही ठिकाणी पटाशीने खणल्यावर लोखंड सापडले. भोवतीचे पिवळे लाकूड शाईसारखे काळे पडले होते.

मग मोजणी झाली. या धंद्याचे माप घरमालकाला सहसा ठाऊक नसते, म्हणून सांगतो. ओंडक्याचा मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. आमच्या ओंडक्याचा घेर सहा फूट, म्हणजे चौथा हिस्सा दीड. दीड गुणिले दीड सव्वादोन. लांबी आठ फूट, म्हणून अठरा घनफूट. भूमितीने पाहिले तर त्यात जवळजवळ तेवीस घनफूट लाकूड असते. उरलेला पाचवा हिस्सा कापण्यात वाया जाणार असे धरून हे माप सोडून देते. हॉपस नावाच्या इंग्रज मोजणीदाराने १७३६ साली ते छापून रूढ केले आणि आपल्याकडे ते अजून चालते. माप ठाऊक असले की फसवणूक टळते. त्या उक्त्या सौद्यात आमच्या फणसाचे तीन ओंडके, म्हणजे सुमारे पन्नास घनफूट लाकूड, एका ‘साफसफाई’ या शब्दाखाली गेले असते.

सवा इंचाच्या फळ्या काढल्या, म्हणजे सुकून व रंधून इंचाच्या राहतात. घरी आणून त्या माळ्याखाली रचल्या. दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या रिपा एकाखाली एक घातल्या, वर दगडांचे वजन ठेवले आणि टोकांना पुन्हा लेप दिला. इंचाच्या फळीला एक वर्ष, असा सुकण्याचा जुना अंदाज आहे. पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्यावरून गेले, तेव्हा आमचा जीव त्या फळ्यांवर होता. त्या सुरक्षित राहिल्या.

श्रोतेहो, या सगळ्यातून मला एकच गोष्ट आपल्यासमोर ठेवायची आहे. पडलेल्या झाडाचे मोल त्याच्या जातीइतकेच पहिल्या पंधरवड्यावर अवलंबून असते. आमच्या गावात लाकूड पुष्कळ होते आणि हातही होते. नव्हते ते ठरलेला दर, ओंडके बुडवायला राखलेले तळे आणि वेळीच दारात येणारी गिरणी. या तीन गोष्टींवाचून शेकडो घरांचे फणस त्या पावसात कवडीमोलाने गेले किंवा सडले. गावोगावच्या पंचायतींनी या गोष्टी वादळ येण्यापूर्वी ठरवून ठेवल्या तर पुढच्या वेळी असे होणार नाही. तळ्यातला गाळ उन्हाळ्यातच काढता येतो. चौथ्या हिश्श्याचे माप शाळेतल्या मुलालाही शिकवता येते. छोटी, ट्रॅक्टरमागून ओढून नेता येणारी करवतीची यंत्रे आज मिळतात. वनखात्याच्या परवानगीने व देखरेखीखाली अशी यंत्रे आपत्तीच्या काळात तालुक्याला मिळाली पाहिजेत. आणि उपटलेल्या प्रत्येक झाडावर करवत चालवण्यापूर्वी एकदा मुळांकडे बघावे. लहान कलम नुसते कलले असेल तर फांद्या उतरवून, मुळांवर माती चढवून, टेकू देऊन ते पुन्हा उभे राहू शकते.

त्या फणसातून आमच्या गोठ्याचे आढे निघाले, माजघराचे दार निघाले आणि उरलेल्या तुकड्यांचे सहा पाट झाले. एका पाटावर कडीच्या लोखंडाचा काळा डाग राहिला आहे. तात्या तो रंध्याने काढणार होते. काकूंनी काढू दिला नाही. फणसाच्या जागी त्यांनी त्याच्याच आठळीचे रोप लावले आहे. ते आता माझ्या खांद्याला लागते. गोठ्यापासून ते या खेपेला थोडे लांब लावले आहे.